डोंगरमाथ्यावर अडकलेला पिका

महोदय,

हवामानबदलाच्या बातमीसोबत छायाचित्र हमखास ध्रुवीय अस्वलाचे असते. हिमयुगांचा खरा हिशेब मात्र लहानग्या सस्तन प्राण्यांकडे आहे. अमेरिकेच्या पश्चिमेतील ग्रेट बेसिन या कोरड्या, डोंगराळ प्रदेशातला पिका घ्या. सशाचा हा आखूड कानांचा नातलग गवत वाळवून हिवाळ्याची बेगमी करतो. हिमयुगात तो आजच्यापेक्षा बराच खाली राहत असे. हे कळले ते पॅकरॅट या उंदरामुळे! काड्या, हाडे, लेंड्या, दिसेल ते हा गोळा करतो. त्याच्या मुताने तो ढीग दगडासारखा घट्ट होतो आणि कोरड्या कपारीत हजारो वर्षे टिकतो. अशा ढिगांत पिकाचे अवशेष सापडतात, तेही आज पिका नसलेल्या ठिकाणी. (शास्त्रज्ञांना किळस परवडत नाही.) सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग सरले, पिका वर सरकला आणि एकेका डोंगरावर अडकला. मधली तापलेली खोरी त्याला ओलांडवत नाहीत. पूर्वी थंडी पुन्हा येई, तेव्हा डोंगरांमधल्या वाटा पुन्हा जुळत. आता काही डोंगरांवरून तो नाहीसाच झाला आहे. त्याचे भाऊबंद लडाखमध्येही आहेत. आपल्या पुरवणीत कधीतरी त्यांच्यावर लिहून यावे.

– एक वाचक, पुणे