अ‍ॅलर्जीची गोळी देताना एवढे विचारा

महोदय,

लालबागच्या आमच्या चाळीशेजारी पाडकाम सुरू झाल्यापासून शिंका आणि अंगावर पित्त पाठ सोडत नाही. मला क्यूटी लांबण्याचा विकार आहे; प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ घेते. तरी औषधवाल्याने काही न विचारता हायड्रॉक्सिझिन हातात ठेवले. या विकारात ते वर्ज्य! सुनेने इंटरनेटवर पाहिले म्हणून वाचले. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचेच जुने औषध हृदयाचे ठोके बिघडवते म्हणून अमेरिकेत १९९८ मध्ये बंद झाले. त्याच्यापासूनच शरीरात बनणारे फेक्सोफेनाडिन मात्र तसे करत नाही. माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी पाहून तेच दिले. औषधवाल्यांनो, ‘हृदयाचा काही त्रास?’ एवढे तरी विचारा.

– एक निवृत्त शिक्षिका, लालबाग, मुंबई