'किंमत इनबॉक्समध्ये' कशाला?

महोदय,

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारा घरगुती माल आता इन्स्टाग्रामवरही दिसू लागला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र तो विकण्याची रीत अजून कच्ची वाटते. गेल्या मे महिन्यात भिरंडाची (कोकमाची) सोले हवी होती म्हणून एका पानावर गेलो, तर चित्रफीत देखणी, गाणे कर्कश आणि किमतीच्या जागी 'इनबॉक्स करा'. विचारणा केली, उत्तर तिसऱ्या दिवशी आले. तोवर सोले बाजारातून घरी आली होती.

वजन, दर, पॅकिंगची तारीख आणि टपालखर्च मजकुरातच लिहावा. इन्स्टाग्रामवर छायाचित्राखालच्या मजकुरातील लिंक दाबून उघडत नाही, ती प्रोफाइलमध्ये द्यावी लागते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. व्हॉट्सॲप बिझनेसवर दरांसह कॅटलॉग मांडता येतो, तोही मोफत.

ब्लॉगकडे तर कोणी वळतच नाही. पोस्ट दोन दिवसांत खाली वाहून जाते, पण 'सोले वर्षभर कशी टिकवावीत' यावर नीट लिहिलेला लेख गुगलवरून वर्षानुवर्षे गिऱ्हाईक आणू शकतो. त्यात छायाचित्रे आपल्याच अंगणातली असावीत, उसनी नकोत.

काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणून कुठलीही लाल मिरची त्या नावाने खपवणे ही शुद्ध फसवणूक होय. तसेच पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर 'जाहिरात' असे स्पष्ट लिहावे, असे जाहिरात मानक परिषदेचे 2021 पासूनचे मार्गदर्शक नियम सांगतात.

— एक ग्राहक, म्हापसा