कॉलरवरची कवटी आणि रणगाड्यातले पाच जण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यासोबतच्या छायाचित्राखाली 'एसएसचे रणगाडा सैनिक' अशी ओळ होती. (एसएस म्हणजे नाझी पक्षाची लष्कराहून वेगळी सशस्त्र संघटना.) काळा गणवेश आणि कॉलरवरची कवटी पाहून ही समजूत झाली असावी. प्रत्यक्षात कॉलरच्या दोन्ही टोकांना असलेली कवटी ही जर्मन लष्कराच्या रणगाडा दलाची खूण होती. १९३४ साली या दलाला काळा गणवेश मिळाला, तेव्हा प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या हुसार घोडदळाची परंपरा सांगणारे हे चिन्ह त्याच्यासोबत आले. एसएसमध्ये कवटी टोपीवर असे आणि कॉलरच्या एका टोकाला रुन या प्राचीन जर्मन लिपीतील 'एसएस' ही अक्षरे व दुसऱ्या टोकाला हुद्द्याची खूण असे. (त्यांच्या टोटेनकॉफ ('कवटी') डिव्हिजनच्या कॉलरवर कवटी होती, पण तीही सहसा एकाच बाजूला.) शिवाय एसएसचा गरुड डाव्या बाहीवर असे, आपल्या छायाचित्रात तो उजव्या छातीवर स्वच्छ दिसतो. दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांचीही ही गफलत होत असे आणि शरण आलेल्या रणगाडेवाल्यांना ती महागात पडे.

यातून जर्मन लष्कराला निर्दोष ठरवण्याचा माझा अजिबात हेतू नाही. चौथ्या पँझर (म्हणजे रणगाडा) गटाचा सेनापती एरिष होपनर याने मे १९४१ मध्ये, म्हणजे रशियावरील स्वारीच्या आधीच, हे युद्ध कमालीच्या निर्दयपणे लढायचे आहे असा लेखी हुकूम काढला होता, आणि तो लष्कराचा अधिकारी होता, एसएसचा नव्हे. पुढे हिटलरविरोधी कटात सापडून हाच होपनर १९४४ मध्ये फासावर गेला.

गणवेशाबद्दल आणखी थोडे. तो रंग धाक बसवण्यासाठी निवडला असे लेखक म्हणतात, पण काळ्या कापडावर तेलाचे आणि वंगणाचे डाग दिसत नाहीत हा साधा व्यवहारही त्यामागे होता. कमरेपर्यंतच्या आखूड जाकिटाला बाहेरून खिसे नसत, कारण झाकणातून घाईने बाहेर पडताना ते कुठे तरी अडकले, तर माणूस आतच राहिला असता. सैन्याच्या दुरुस्ती विभागात बावीस वर्षे काढल्यामुळे माझे लक्ष प्रथम अशा गोष्टींकडेच जाते.

लेखाचा मुख्य सूर असा, की जाड चिलखत आणि मोठी तोफ यांच्या बळावर जर्मनांनी फ्रान्स जिंकला. १९४० च्या मे महिन्यात परिस्थिती याच्या जवळजवळ उलट होती. जर्मन रणगाड्यांपैकी निम्म्याहून अधिक पँझर १ आणि २ या हलक्या जातीचे होते. फ्रान्सच्या शार बी-१ बिस रणगाड्याचे चिलखत ६० मिलिमीटरचे, तर जर्मनांच्या पँझर ३ चे सुमारे ३० मिलिमीटरचे. स्टोन गावातल्या लढाईत अशा एकाच फ्रेंच रणगाड्याने तोफगोळ्यांचे १४० आघात अंगावर घेतले आणि तरीही तो चालत राहिला. पण फ्रेंच रणगाड्याच्या बुरुजात, म्हणजे वरच्या फिरत्या तोफघरात, एकच माणूस बसे. शत्रू शोधायचा त्याने, तोफ भरायची त्याने, नेम धरायचाही त्यानेच. पँझर ३ मध्ये हीच कामे कमांडर, तोफची आणि गोळे भरणारा अशा तिघांत वाटलेली होती, खाली चालक आणि बिनतारीवाला वेगळे होते. इंजिनाच्या गोंगाटात या पाचांचे बोलणे एकमेकांना ऐकू जावे म्हणून गळ्याला दोन्ही बाजूंनी टेकणारा मायक्रोफोन बांधलेला असे, जो आवाज हवेतून न घेता कंठाच्या कंपनांतून घेई. स्वतः बिनतारी विभागात काम केलेल्या गुडेरियन या जर्मन रणगाडा सेनापतीने प्रत्येक रणगाड्यात बिनतारी संच असावा हा आग्रह धरला होता, आणि माझ्या मते फ्रान्समधील यशाला पोलादापेक्षा ही व्यवस्था अधिक कारणीभूत होती.

टायगर या अवजड जर्मन रणगाड्याच्या वाट्याला लेखात दोन रकाने आले आहेत, पण तो चालवणाऱ्यांचा दिवस कसा जात असे हे त्यांत कुठेच नाही. त्याच्या टाक्यांत सुमारे ५४० लिटर पेट्रोल मावे. ते २० लिटरच्या डब्यांनी भरायचे म्हणजे सत्तावीस डबे हातोहात वर चढवायचे. वर ९२ तोफगोळे, तेही एकेक करून आत द्यायचे. रेल्वेने न्यायचा तर रुंदी बसत नसे, म्हणून ७२५ मिलिमीटरचे पट्टे उतरवून ५२० मिलिमीटरचे अरुंद पट्टे चढवायचे आणि उतरल्यावर पुन्हा उलट काम. चाके एकमेकांत गुंतवून बसवलेली असल्याने आतले एक चाक बदलायला बाहेरची कित्येक काढावी लागत. रशियातल्या हिवाळ्यात त्या फटींतला चिखल रात्रीत गोठून चाके जागीच अडकत. पट्ट्याची पिन ठोकून काढणे किती कष्टाचे असते हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. ती उणे वीस अंशात कशी काढत असतील, याची मला कल्पना करवत नाही. ५७ टनांचे हे धूड बंद पडले, तर ओढायला १८ टनी जातीची तीन अर्धपट्टेवाली (पुढे चाके, मागे पट्टे असलेली) वाहने जोडावी लागत. एवढे करून टायगर १ बांधले गेले जेमतेम साडेतेराशे. पँथर या दुसऱ्या जर्मन रणगाड्याची सुरुवात तर आणखी वाईट झाली: जुलै १९४३ मध्ये रशियात कुर्स्कच्या लढाईला पाठवलेल्या सुमारे २०० पँथरपैकी लढण्याजोगे आठवडाभरात मोजकेच उरले होते.

'रणगाडा चॉकलेट' या नावाने लेखात गमतीने उल्लेख झालेला पदार्थ म्हणजे पर्विटिन हे मेथॲम्फेटामिन, म्हणजे उत्तेजक अमली द्रव्य होते. झोप घालवण्यासाठी १९४० च्या मोहिमेत त्याच्या गोळ्या लाखांनी वाटल्या गेल्या; १९४१ मध्ये खुद्द जर्मन सरकारने त्यांना अफूविषयक कायद्याखाली आणले. चॉकलेट म्हणण्यासारखे त्यात काही नव्हते.

आमच्या गावात १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे येणारी शाळकरी मुले हटकून 'टायगर कुठे आहे?' असे विचारतात. तो येथे नाही. ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागलेला आणि अजूनही चालू स्थितीत असलेला टायगर इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनला आहे. ही मुले आपली पुरवणीही वाचतात, म्हणून छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती पुढील रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कारागीर, अहिल्यानगर