मांड्या धरल्यात, तरी उद्या पळायचं का?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

जिना उतरताना कठड्याला लोंबकळावं लागतंय, तरी उद्या पळू का, असं विचारलंस. पळ. फक्त बैठकांना हात लावू नकोस आणि वेळ मोजू नकोस.

रविवारी जोतिबा चढून-उतरून आलीस आणि सोमवारी दोनशे बैठका मारल्यास. चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरणीने. पायरी उतरताना किंवा बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणलाही जातो आणि त्याच वेळी भारही तोलून धरतो. त्या ओढाताणीत त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, सूज धरते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त होतं. त्यामुळे उद्या आजच्यापेक्षा जास्त दुखलं तरी घाबरू नकोस. आपण ‘अंग आंबलं’ म्हणतो ना, जिममधली पोरं त्यालाच लॅक्टिक आम्ल साठलं म्हणतात. ते तर तास-दीड तासात निघून जातं. ‘आंबलं’ हा शब्द झकास आहे, आम्लाचं कारण मात्र चुकीचं.

सकाळी रंकाळ्यावर आधी दहा मिनिटं चाल. मग पाच मिनिटं अगदी सावकाश पळ. आखडलेपण सैल झालं आणि पाऊल सरळ पडत असेल तर अजून पंधरा मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने. लंगडायला लागलीस की थांब. लंगडत पळलं की मांडी वाचवायला गुडघा आणि घोटा वाकडा भार घेतात, आणि चार दिवसांचं दुखणं महिन्यावर जातं. दुखऱ्या स्नायूत ताकदही कमी असते. म्हणून पोलीस भरतीच्या ८०० मीटरची वेळ या आठवड्यात लावलीस तर ती खराबच येईल आणि उगाच मन खट्टू होईल. १०० मीटरचे स्प्रिंट तर नकोतच. जोर काढायला हरकत नाही, खांदे ताजे आहेत.

बैठका शुक्रवारी, पंधराच्या दोन खेपा, बस्स. पुढच्या वेळी पाच-पाच वाढव. एकदा दुखून बरा झालेला स्नायू त्याच कामाला पुढच्या खेपेला कमी दुखतो, पण पंधरावरून एकदम दोनशेवर गेलीस की सगळं पहिल्यापासून.

तेलाने हलका हात फिरवून घे, बरं वाटेल. सुजलेल्या मांडीवर कुणाला पाय देऊन तुडवू देऊ नकोस. पळण्याआधी दुखण्याची गोळी तर अजिबात नको. कळ झाकली जाते आणि घाम गाळताना पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. खाण्याचं म्हणशील तर पांढरा रस्सा चार वाट्या प्यायलीस तरी प्रथिनं मटणाच्या फोडीत असतात, रश्श्यात फारशी नाहीत. तुझ्या ५५ किलोला दिवसाला ८५-९० ग्रॅम प्रथिनं धर. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ. मेसच्या आमटी-भातावर हा हिशेब जमत नाही, अंडी वेगळी आण.

आता दोन गोष्टी नीट वाच. दोन्ही मांड्या सारख्या दुखतात तोवर ते स्नायूचं दुखणं. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट टेकवलं की कळ येत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं. हाडाला बारीक चीर असू शकते. भरतीची तयारी करणाऱ्या मुली हेच अंगावर काढतात. दुसरं, मांड्या टणक सुजल्या, पायात जोर राहिला नाही आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. स्नायू फुटून त्यातला रंग मूत्रपिंडात अडकतो. तिथे सीपीकेची, म्हणजे स्नायूला किती इजा झाली ते दाखवणारी, रक्ततपासणी करायला सांग आणि बैठकांचा आकडा खरा सांग, लाजू नकोस.

भरती होईपर्यंत जोतिबाला चालत जायचं तर जा, खाली मात्र बसने ये.

तुझी,
आई