बापूस पत्र : व्हँकुव्हर वगळून

टोरोंटो,
14 मे

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतची यादी परवा पोहोचली. यादी वाचून ही हसत सुटली आणि मी नकाशा काढून बसलो. ओटावा, मॉन्ट्रियल, क्यूबेक सिटी इथपर्यंत सगळे ठीक होते. पण पाचव्या ओळीत ‘जवळच असेल तर व्हँकुव्हरही उरकून घेऊ’ असे तू लिहिले आहेस, तिथे माझी पेन्सिल थांबली. टोरोंटोहून व्हँकुव्हरला जाणारी गाडी 4,466 किलोमीटर धावते आणि वाटेत चार रात्री घेते. जम्मूहून निघून कन्याकुमारी गाठणाऱ्यालाही एवढी वाट तुडवावी लागत नाही. तेव्हा व्हँकुव्हरवर मी लाल रेघ मारली आहे, रागावू नकोस. नायगाराला गाडीची तिकिटे काढण्याची गरज नाही, तो धबधबा माझ्या घरापासून मोटारीने दीड-दोन तासांवर आहे आणि तुम्ही आल्याच्या पहिल्या रविवारी आपण तो पाहून घेऊ.

उरलेल्या तीन शहरांचा बेत मी आखला आहे, तो नीट वाच आणि वहिनींनाही वाचून दाखव. नकाशावर पाहिल्यास टोरोंटोपासून ईशान्येकडे ओटावा, मग मॉन्ट्रियल आणि शेवटी क्यूबेक सिटी अशी एकामागोमाग एक शहरे लागतात, त्यामुळे कोणीही त्याच क्रमाने जाईल आणि शेवटच्या दिवशी क्यूबेकहून एका दमात टोरोंटोला परत येण्यात सगळा दिवस गाडीत घालवील. आम्ही गेल्या खेपेला नेमके तेच केले आणि घरी आल्यावर दोन दिवस माझी पाठ धरली होती. या वेळी ओटावात दोन रात्री राहून मॉन्ट्रियलमध्ये न उतरता थेट क्यूबेक गाठायचे, तिथे दोन रात्री काढायच्या आणि परतीच्या वाटेवर मॉन्ट्रियलला तीन रात्री मुक्काम करायचा, म्हणजे परतीचा प्रवास आपोआप दोन तुकड्यांत विभागला जातो. वहिनींच्या गुडघ्यांचा विचार करूनच हे ठरवले आहे, असे त्यांना सांग. माझ्या पाठीचा उल्लेख केला नाहीस तरी चालेल.

निघायचे ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मेपलची पाने तोवर लाल-पिवळी होऊ लागतात आणि थंडी स्वेटरावर भागते. आणखी उशीर मात्र नको, कारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते आणि त्या तीन-चार दिवसांत गाड्या भरभरून जातात. शिवाय ओटावातील जे मला तुला दाखवायचेच आहे, ते रिडो कालव्याचे पाण्याचे जिने, म्हणजे होड्या चढवणारे-उतरवणारे हौद, त्यांचा नौकानयनाचा हंगामही साधारण त्याच सुमारास संपतो.

आता गाडीविषयी. टोरोंटो ते ओटावा हे अंतर 446 किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या सोलापूर-मुंबईएवढे, आणि त्याला साडेचार तास लागतात. पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या कल्पना मनातून काढून टाक. या पट्ट्यात रात्रीची गाडी नाही, बर्थ नाही, पांघरूण नाही. सगळे डबे बसून जाण्याचे आणि सगळ्या जागा आरक्षित. व्हिया रेल ही सरकारी कंपनी 1977 साली स्थापन झाली आणि प्रवासी गाड्या ती चालवते, परंतु ज्या रुळांवरून त्या धावतात त्यांतले बहुतेक रूळ एका मालवाहू कंपनीच्या मालकीचे आहेत. त्यामुळे लांबच लांब मालगाडी समोरून आली की प्रवासी गाडी मुकाट्याने बाजूला उभी राहते, हा इथल्या रेल्वेचा जुनाच प्रश्न आहे. म्हणून गाडी पोहोचण्याच्या वेळेला लागून संध्याकाळचा कोणताही कार्यक्रम मी ठेवलेला नाही. भाडे विमानासारखे वरखाली होते. लवकर काढले तर स्वस्त, आदल्या आठवड्यात काढले तर डोळे पांढरे होतात. तत्काळचा कोटा, टीसीला गाठणे, ‘बघू, काहीतरी होईल’ हे आपले तिन्ही हुकमी उपाय इथे निरुपयोगी आहेत.

टोरोंटोचे युनियन स्टेशन 1927 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते उघडले गेले. त्याच्या मोठ्या दालनात भिंतीच्या वरच्या पट्टीवर देशभरातल्या शहरांची नावे दगडात कोरलेली आहेत, ती पाहायला आपण अर्धा तास आधी पोहोचू. तुला तिथे व्हँकुव्हरही सापडेल, तेवढ्यावर समाधान मान. गाडीत आपण उजवीकडच्या खिडक्या घेऊ, कारण पोर्ट होपच्या आसपास ओंटारिओ सरोवर रुळांच्या अगदी जवळ येते आणि पलीकडचा किनारा दिसत नसल्याने पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो समुद्रच वाटतो. पुढे ब्रॉकव्हिलला मॉन्ट्रियलचा मुख्य मार्ग सोडून गाडी उत्तरेला वळते आणि शेते, दलदल आणि बर्चची झाडे यांतून ओटावाकडे जाते. त्या तासाभरात तू झोपलास तरी काही बिघडणार नाही.

ओटावाचे स्टेशन शहराच्या मध्यभागी नाही, याचे आश्चर्य वाटेल. जुने स्टेशन संसदेपासून हाकेच्या अंतरावर होते, पण 1966 साली रेल्वे शहराबाहेर हलवली गेली. गंमत अशी की संसदेची मुख्य इमारत 2019 पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे आणि सिनेट, म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृह, त्या जुन्या, गाड्या नसलेल्या स्टेशनात भरते. तिथे फुकट मार्गदर्शित फेरी असते, तिचे पास मी आधी काढून ठेवीन. तू तीस वर्षे इतिहास शिकवलास, म्हणून एवढे सांगतो, की 3 फेब्रुवारी 1916 च्या रात्री संसदेला आग लागली तेव्हा जवळजवळ सगळी मुख्य इमारत गेली आणि मागचे ग्रंथालय वाचले, कारण त्याची लोखंडी दारे वेळीच ओढून घेतली गेली होती.

समोरचे शातो लॉरिए हे हॉटेल ग्रँड ट्रंक रेल्वेने बांधले. एप्रिल 1912 मध्ये त्याचे थाटात उद्घाटन व्हायचे होते; रेल्वेचा अध्यक्ष चार्ल्स हेज त्यासाठी इंग्लंडहून परत निघाला, तो टायटॅनिकवरून, आणि पोहोचलाच नाही. आपण तिथे राहणार नाही, माझे पेन्शन आणि तुझे पेन्शन एकत्र केले तरी ते परवडायचे नाही, पण आत जाऊन चहा पिण्यास कोणी अडवत नाही.

या हॉटेलच्या आणि संसदेच्या टेकडीच्या मधल्या घळीत ते पाण्याचे जिने आहेत. ओटावा ते किंग्स्टन हा 202 किलोमीटरचा कालवा कर्नल जॉन बाय याने बांधून घेतला आणि तो 1832 साली खुला झाला. अमेरिकेशी पुन्हा युद्ध पेटले तर सेंट लॉरेन्स नदीची वाट धोक्यात येईल, म्हणून आतून दुसरी वाट असावी, हा त्यामागचा हेतू. ते युद्ध झाले नाही आणि कालवा राहिला. नदीच्या पातळीपासून शहराच्या पातळीपर्यंत होडी चढवायला एकाखाली एक आठ हौद आहेत, मिळून 24 मीटरची चढण. गेल्या वर्षी मी कठड्याला टेकून तासभर पाहत होतो. गणवेशातली एक विशीतली मुलगी आणि तिचा सोबती लोखंडी रहाट दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून फिरवत होते. साखळी करकरत गुंडाळली जात होती, लाकडी दरवाज्याखालून पाणी आधी बुडबुडे काढत आणि मग उसळत आत येत होते, आणि हौदातली छोटी पांढरी होडी, तीतल्या कुत्र्यासकट, जराही धक्का न बसता बोट-बोट वर येत होती. वीज नाही, मोटर नाही. दोनशे वर्षांपूर्वी जसे उघडत, तसेच अजून हाताने उघडतात. तू शेजारी असतास तर पाणी वाटपावरून भांडणाऱ्या आपल्याकडच्या पाटकऱ्यांची तुला नक्की आठवण झाली असती.

क्यूबेकला उतरताना एक दक्षता घ्यायची आहे, तीही आमच्याच मूर्खपणातून शिकलेली. मुख्य स्टेशनच्या आधी सेंत-फ्वा नावाचे उपनगरातले स्टेशन लागते. मागच्या वेळी फ्रेंच घोषणेत ‘क्यूबेक’ एवढा एकच शब्द मला कळला, मी बॅगा काढल्या, हिला उठवले आणि आम्ही दोघे उतरलो. गाडी गेल्यावर पाहतो तर ना किल्ला, ना नदी, समोर वाहनतळ. टॅक्सीत ही एक शब्द बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते. या वेळी ‘गार द्यु पाले’ अशी पाटी दिसेपर्यंत कोणी हलायचे नाही.

क्यूबेकबद्दल मात्र मला तुझ्याशी सविस्तर बोलायचे आहे, कारण ते शहर मी खरे म्हणजे तुझ्यासाठीच निवडले आहे. शॅम्प्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने ते 1608 साली वसवले, आणि मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेले हे एकमेव शहर आहे. तट सुमारे साडेचार किलोमीटरचा असून त्यावरून चालता येते. लगतच्या अब्राहमच्या पठारावर 13 सप्टेंबर 1759 रोजी इंग्रज आणि फ्रेंच यांची लढाई अर्ध्या तासाच्या आत निकाली निघाली आणि दोन्ही सेनापती त्यात गेले, इंग्रजांचा वुल्फ रणांगणावरच आणि फ्रेंचांचा मोंकाल्म दुसऱ्या दिवशी पहाटे. साल पुन्हा वाच: प्लासीनंतर दोन वर्षे, पानिपताआधी दोन वर्षे. प्लासीला आणि इथे, दोन्हीकडे क्लाइव्ह-वुल्फच्या पिढीचे तेच इंग्रज आणि तेच फ्रेंच एकमेकांच्या उरावर होते, हे वर्गात शिकवताना आपण कधी एका फळ्यावर लिहिले नाही.

आणि आता तुला आवडेल अशी गोष्ट. 1870 च्या दशकात शहरातल्या लोकांना रहदारीच्या सोयीसाठी वेशी आणि तट पाडून टाकायचे होते. कॅनडाच्या त्या वेळच्या गव्हर्नर जनरलने विरोध केला, तट राखायला लावला आणि वेशी नव्याने रुंद करून बांधण्याची योजना पुढे आणली. त्याचे नाव लॉर्ड डफरीन. तोच पुढे 1884 मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, त्याच्याच कारकिर्दीत 1885 च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, आणि ज्या डफरीन चौकात सायकली टेकवून आपण कॉलेजची चार वर्षे चहाच्या एका कपावर काढली, ते नाव त्याच घराण्याचे. क्यूबेकच्या कड्यावर, शातो फ्रॉन्टनॅक या 1893 सालच्या रेल्वेनेच बांधलेल्या हॉटेलासमोर, लाकडी फळ्यांचा एक लांबलचक सज्जा आहे, त्याचेही नाव डफरीन टेरेस. खाली सेंट लॉरेन्स नदी दिसते. तिथल्या बाकावर बसून तुझा एक फोटो काढायचा आणि तो सोलापूरच्या कट्ट्याला पाठवायचा, ‘डफरीनला बसलो आहे’ एवढेच लिहून. तिथून खालच्या जुन्या बाजारपेठेत उतरायला उभे जिने आहेत. आपण वहिनींना घेऊन 1879 पासून चालत आलेल्या फ्युनिक्युलरने, म्हणजे कड्यावरून दोराने वर-खाली होणाऱ्या डब्याने, उतरू.

मॉन्ट्रियलला तू स्वतः भटकशील, म्हणून थोडक्यात लिहितो. गाडी थेट शहराच्या पोटात थांबते आणि तिथून जमिनीखालच्या वाटांनी मेट्रोपर्यंत जाता येते. मेट्रो 1966 ची आणि रबरी चाकांची, त्यामुळे तिचा खडखडाट कमी. माँ रोयाल ही टेकडी 233 मीटर उंच आहे, वर 11 नंबरची बस जाते. शहर फ्रेंच बोलते आणि 1977 च्या कायद्यापासून पाट्याही फ्रेंचमध्ये ठळक असतात. खुद्द फ्रान्समध्ये चौकातल्या लाल पाटीवर ‘स्टॉप’ लिहितात आणि इथे ‘आरे’, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘थांबा’, यावरून मराठी पाट्यांविषयीच्या आपल्या जुन्या वादात तू कोणत्या बाजूला जाशील, ते मला माहीत आहे.

खाण्याचे मात्र आधी ठरवायला हवे. पुतीन म्हणून जे बटाट्याच्या कापांवर चीज आणि रस्सा घालून देतात, त्या रश्श्यात बहुधा मांसाचा अर्क असतो, वहिनींनी तो मागवू नये. लाकडाच्या भट्टीतले बेगल, म्हणजे मध्ये भोक असलेले गोल पाव, चवीला उत्तम, पण पिठात अंडे घालण्याची रीत आहे, विचारून घ्यावे. तुम्ही याल तेव्हा नवरात्र पडले तर उपवासाचे सामान मी इथल्या भारतीय दुकानातून आणून ठेवीन. तिन्ही शहरांत भारतीय खाणावळी आहेत, पण आठही दिवस त्यांच्यातच जेवायला मी तयार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

पुढच्या पंधरवड्यात मला तीन गोष्टी कळव: तुमची पासपोर्टवरची नावे जशीच्या तशी, वहिनींना चालत किती वेळ जमते ते खरेखरे, आणि क्यूबेकला एक दिवस वाढवायचा का ते. माझे मत वाढवावा असे आहे. 83 मीटर उंचीचा, म्हणजे नायगाराहून उंच, मॉन्टमोरेन्सी धबधबा शहराबाहेर थोड्या अंतरावर आहे आणि दोन रात्रींत तो बसत नाही. कळवलेस की त्याच दिवशी तिकिटे काढतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
अण्णा

ता. क. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणायची आहेच. चटणी दुकानातल्या बंद पाकिटात आण, आणि विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत का असे विचारतील तेव्हा ‘आहेत’ असेच सांग. भाकरी चुरगळू नये म्हणून स्टीलच्या डब्यात ठेव. पोर्ट होपच्या आधी डबा उघडायचा नाही.