पायाने ओढलेला बो

डॅलस, टेक्सास
रविवार

प्रिय विनायक,

पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मधल्या तुकड्यात व्हायोलिन कोण वाजवतंय, असं तू विचारलंस. कोणीच नाही. तो तुकडा मी पेडल स्टील गिटारवर वाजवलाय. तुझ्या तयार कानाला तो क्षणभर का होईना व्हायोलिनचा वाटला, हे वाचून मला झालेला आनंद फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र. शिवाय ते कसं जमतं हे तुला नीट सांगायचंय. त्यातलं निम्मं मी तुझ्याकडे बघूनच उचललंय.

आधी वाद्य डोळ्यांसमोर आण. चार पायांवर उभी लांबट चौकट, वर दहा तारा, समोर खुर्चीवर मी. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत बार. पडदे नुसते रेघांपुरते, तार त्यांना टेकतच नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. इथपर्यंत ही हवाईयन गिटारच. तुझ्या बाबांकडे व्हॅन शिप्लेंची एलपी होती, आठवते? हिंदी सिनेमाची गाणी गिटारवर वाजवणारे शिप्ले व्हायोलिनही तितकंच सुरेख वाजवायचे. माझ्या वाद्यात त्याच्यापुढे भर पडली ती खालच्या बाजूला: डाव्या पायाखाली तीन पेडलं, दोन्ही गुडघ्यांच्या बाजूंना लिव्हर, आणि उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करणारं एक स्वतंत्र पेडल.

कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलमध्ये रूढ झालेली तारांची जुळणी ‘ई-नाइन’. ई ला सा धरलास तर माझ्यापासून लांबच्या तारेकडून जवळ येत रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिलं पेडल दाबलं की पंचमांचे धैवत होतात. दुसऱ्याने गंधारांचे मध्यम होतात. तिसऱ्याने चौथ्या तारेवरचा सा चढून रे होतो आणि पाचवीवरचा प ध होतो. हे सगळं तार वाजत असताना, मींड घेत होतं, आणि बाकीच्या तारा जागच्या हलत नाहीत.

फिडलचं, म्हणजे इथल्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनचं, सगळं गुपित इथे आहे असं मला वाटतं. इथले फिडलवाले क्वचितच एकट्या तारेवर राहतात. बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, दोन तारांवर टेकवतात, एक सूर धरून ठेवतात आणि दुसरा त्याच्या अंगाला घासत वर नेतात. बारने हे होत नाही, कारण बार सरकला की सगळ्या तारा एकदमच सरकतात. पेडलने होतं. 1954 साली कंट्री गायक वेब पिअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात स्टील वाजवणाऱ्या बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि लोकांनी कान टवकारले. त्याआधीही पेडलं होती, पण ती मुख्यतः जुळणी बदलायला वापरायचे. ते गाणं मी ऐकतो तेव्हा मला गिटार आठवतच नाही, शेजारी शेजारी उभे राहिलेले दोन फिडलवाले आठवतात. तू ऐकून बघ आणि मला सांग.

स्टील आणि फिडल यांचं घरोब्याचं नातं त्याहून जुनं आहे. बॉब विल्स स्वतः फिडल वाजवायचा आणि त्याच्या टेक्सास प्लेबॉइज या बँडमध्ये लिऑन मॅकऑलिफचं स्टील होतं. 1936 मध्ये त्याने ध्वनिमुद्रित केलेलं ‘स्टील गिटार रॅग’ इथे स्टील शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून जातंच. पुढे 1956 मध्ये गायक रे प्राइसचं ‘क्रेझी आर्म्स’ आलं. त्यात टॉमी जॅक्सनचं फिडल आणि जिमी डेचं पेडल स्टील आहे. त्या फिडलमध्ये एक सूरही फुकट गेलेला नाही. माझ्या डोक्यात जे फिडल असतं ते हेच, सरळ, थोडं खरबरीत आणि घाई नसलेलं.

आता खरी अडचण. बो तारेला सतत खाऊ घालतो. तू ओढतोस तेव्हा बोवरची राळ तारेला चिकटवते, सोडवते, पुन्हा चिकटवते, सेकंदाला शेकडो वेळा. म्हणून तुझा सूर शेवटपर्यंत तेवढाच तेजस्वी राहतो. माझ्या तारेला एकदाच आघात मिळतो. त्यानंतर आस, म्हणजे मागे रेंगाळणारा सूर, उतरत जाते, आणि सगळ्यात आधी मरतात ते वरचे हार्मोनिक, मूळ सुराबरोबर उमटणारे उपसूर, म्हणजे नेमकं ज्यामुळे व्हायोलिन व्हायोलिन वाटतं तेच. हे भरून काढायचं काम उजव्या पायाचं. आघाताच्या वेळी आवाजाचं पेडल अर्ध्यावर ठेवायचं आणि तार जसजशी थकते तसतसं पुढे रेटत न्यायचं. पाय पूर्ण खाली गेला की देण्यासारखं काही उरत नाही, म्हणून सूर किती लांब हवाय हे छेडण्याआधीच ठरवावं लागतं. तुला बोची लांबी आधी ठरवावी लागते तसंच.

नवीन मंडळी फिडलसाठी पेडल शून्यावर ठेवून छेडतात आणि मग आवाज फुगवतात. नखीचा टणत्कार लपतो हे खरं, पण मला ते पटत नाही. प्रत्येक सूर फुगत आला की लोकांना अकॉर्डियन ऐकू येतं. बोच्या सुरुवातीला एक चावा असतो, गाण्यातल्या व्यंजनासारखा. तो पुसून टाकला तर उरतात नुसते स्वर. मी उजवा हात घोडीच्या जवळ नेऊन छेडतो, तिथे तार कडक आणि वरचे हार्मोनिक भरपूर, आणि पाय अगदी थोडाच मागे ठेवतो. टणत्कार बोथट होतो, नाहीसा होत नाही.

हे मला शिकवलं ते इथल्या एका म्हाताऱ्या फिडलवाल्याने. दर शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये वाजवतो, हातात फिडल नसेल तर फारसा बोलतही नाही. मी त्याच्या डाव्या हाताकडे टक लावून बघत असायचो, स्वर टिपून घ्यायला. एकदा मध्यंतरात तो जवळ आला आणि म्हणाला, बोटांत काय बघतोस, माझ्या दंडाकडे बघ. त्या रात्री मी फक्त दंड बघितला. एक लांब ओढ, दोन तोकड्या, पुन्हा लांब. आणि लांब ओढीत तीन-चार स्वर एका श्वासात येत होते. तेव्हा मला तुझ्या गुरुजींची शिकवणी आठवली. शब्द तुटतो तिथेच बो बदल, मध्ये नाही, असं ते तुला बजावायचे. प्रभाकर जोगांच्या ‘गाणारं व्हायोलिन’मध्ये गाण्याचे शब्द ऐकू येतात ते त्याचमुळे, हेही तेच सांगायचे. विनायक, तुमचं व्हायोलिन गळ्याच्या मागे जातं आणि माझं स्टील व्हायोलिनच्या मागे. मी ज्याच्या मागे लागलोय तो अखेर श्वासच आहे, हे मला त्या रात्री कळलं.

तेव्हापासून मी छेडणं कमी केलं. पाचवी तार एकदाच छेडायची, पहिल्या पेडलने प वरून ध वर जायचं, पेडल सोडून परत प वर यायचं आणि बार दोन घरं मागे घेत मध्यमावर उतरायचं. चार स्वर, आघात एक. तोकड्या ओढी हव्या असतील तिथे तळहाताची कड तारांवर टेकवून प्रत्येक सूर कापायचा. दोन्ही एका ओळीत आले की ऐकणाऱ्याला बो दिसायला लागतो.

माझी सगळ्यात आवडती जागा सांगतो. फिडलवाले ई ची मोकळी तार वाजत ठेवतात आणि शेजारच्या ए च्या तारेवर करंगळी सरकवत त्याच सुरावर आणून मिळवतात. मिळायच्या आधी दोन सूर एकमेकांना खातात, थरथरतात, आणि मग एक होतात. माझ्याकडे पहिली तार रे ची, चौथी सा ची. दोन्ही एकत्र छेडून तिसरं पेडल हळूहळू दाबलं की सा चढत जाऊन रे ला मिळतो. हुबेहूब तेच! मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा अख्खी संध्याकाळ तेवढंच वाजवत बसलो होतो.

कंपनाबद्दल तुझा हात मला उपयोगी पडतो. हवाईयन ढंगात बार रुंद हलवतात, ते इथे चालत नाही. सूर आधी सरळ लावायचा, तू लावतोस तसा, आणि फार झालं तर शेवटी अरुंद हलवायचा. जुन्या वळणाचे फिडलवाले तर पुष्कळदा हलवतच नाहीत.

आणि गंधार! हे वाचून तू खूश होशील. हार्मोनियमचा गंधार चढा आहे म्हणून तू किती वाद घातले असशील. इथले बहुतेक स्टीलवाले गंधाराच्या तारा कीबोर्डच्या गंधारापेक्षा उतरवूनच लावतात. सुरांमधलं अंतर मोजायच्या सेंट या मापात, कीबोर्डवर सा पासून गंधार 400 सेंटवर, आणि तंबोऱ्यातून ऐकू येतो तो साधारण 386 वर. फिडलवालाही दोन तारा एकत्र वाजवताना कानाने तिथेच जातो. म्हणून फिडल आणि स्टील एकत्र वाजले की जोड घट्ट बसते आणि मध्ये पियानो आला की गंधार कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. मी तंबोऱ्याच्या बाजूचा आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

बाकी थोडक्यात. फिडलची सगळ्यात खालची तार जी, 196 हर्ट्झ; त्याच्या खाली उतरलं की भ्रम मोडतो, म्हणून शेवटच्या तारांना मी हात लावत नाही. दोन फिडलांचा भास हवा असेल तर तिसरी आणि पाचवी तार घेऊन पहिली दोन्ही पेडलं एकत्र दाबतो, ग-प चं म-ध होतं आणि षष्ठाचं, म्हणजे खालच्या प पासून वरच्या ग पर्यंत सहा स्वरांचं, अंतर टिकून राहतं. किंचित डिले, म्हणजे मागून येणारा प्रतिध्वनी, चालतो. डिस्टॉर्शनने, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केल्याने, आस वाढते आणि हार्मोनिकही भरतात, पण लाकडी पेटीचा आवाज त्याने येत नाही. माझ्या वाद्याला पेटीच नाही, तेवढं अंतर राहणारच.

आता तुझ्याकडे मागणं. तुझ्या आवडीचं एखादं संथ भावगीत दोनदा रेकॉर्ड करून पाठव. एकदा फक्त एका तारेवर, हरकती न घेता. दुसऱ्यांदा नेहमीसारखं. फोन तुझ्या उजव्या हाताच्या बाजूला ठेव, म्हणजे बो कुठे बदलतोस ते मला दिसेल. ऑडिओ नको, व्हिडिओच पाठव. डिसेंबरमध्ये येतोय. हे धूड विमानात आणता येणार नाही, पण मांडीवरचं छोटं स्टील आणीन. त्याला पेडलं नाहीत, तेव्हा चढणारा सूर तू घ्यायचा आणि थांबणारा मी.

काकूंना नमस्कार, अनघावहिनींना आठवण सांग.

तुझा,
मिलिंद