अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या ताईंना, जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात, मीही मानले. हे पत्र मात्र तुम्हाला. दिवसभर फोन घेणाऱ्या तुम्हाला सांगलीचा आठ वर्षांचा पोरगा आठवत असेल की नाही, देव जाणे. आम्ही तुम्हाला विसरणार नाही.

याआधी आम्ही काय काय भोगलं ते थोडक्यात सांगते. एका ठिकाणी फोनवर "अकराला या, फी कॅश द्या" एवढंच सांगितलं. रात्रीची एसटी, पोराची झोपमोड, आणि तिथे गेल्यावर काय, तर "काल अ‍ॅलर्जीची गोळी दिलीत? मग प्रिक टेस्ट होणार नाही." प्रिक टेस्ट म्हणजे कातडीवर टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची तपासणी. हे आधी सांगायला काय पैसे पडत होते? दुसरीकडे रक्त घेऊन पदार्थांची भलीमोठी यादी हातात दिली, दूध, गहू, अंडं सगळं लाल रंगात. ती तपासणी रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडाची (अँटिबॉडीची) होती. आयजीजी वाढलेलं म्हणजे तो पदार्थ पोटात जात असतो एवढंच. अ‍ॅलर्जीसाठी बघतात ते आयजीई, ते वेगळं प्रतिपिंड. हे आम्हाला कळेपर्यंत पोरगं भाकरी आणि वरणावर वाळून गेलं होतं.

आणि मग तुमचा फोन आला. आम्ही केला नव्हता, तुम्ही केलात, तारखेच्या चांगला आठवडाभर आधी. "घरात असतील त्या सगळ्या गोळ्यांचे, सिरपचे फोटो पाठवा, मागची बाजू दिसू दे." मी म्हटलं, आता फक्त मॉन्टेल्युकास्ट ही दम्याची गोळी चालू आहे. तुम्ही फोटो मोठा करून बघितलात आणि म्हणालात, "ताई, हिच्यात लिव्होसेटिरिझिन हे अ‍ॅलर्जीचं औषधपण आहे. ते अंगात असलं की गांधी उठतच नाहीत, टेस्ट फुकट जाते." डॉक्टरांना विचारून पुन्हा फोन केलात आणि कुठली गोळी कधीपासून थांबवायची ते सांगितलंत. श्वासाचा पंप (इनहेलर) अजिबात बंद करायचा नाही, हे दोनदा बजावलंत. वर म्हणालात, "मधेच जास्त त्रास झाला तर टेस्ट गेली खड्ड्यात, औषध द्या. तारीख मी दुसरी देईन." इतक्या दवाखान्यांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

काय खाल्लं, किती वेळाने पित्त उठलं, किती वेळ राहिलं ते लिहून आणा म्हणालात. त्या वहीमुळेच डॉक्टरांची नजर काजूवर गेली. आमच्या घरात शेंगदाण्याचं कूट भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात, त्यामुळे आम्ही आपले कुटालाच शिव्या घालत बसलो होतो!

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते वेगळंच. शेवटी तुम्ही म्हणालात, "त्याच्याकडे द्या जरा फोन." सुईच्या नावाने तो रात्री दचकून उठत होता. स्पीकर चालू होता. "हे बघ, हे इंजेक्शन नाही. हातावर औषधाचे थेंब आणि वर नुसतं टोचल्यासारखं. डास चावल्यावर खाजतं ना, तसं खाजेल. पंधरा-वीस मिनिटं खाजवायचं नाही, एवढंच तुझं काम. जमेल?" तो म्हणाला, जमेल. "गोष्टीचं पुस्तक आण." लहान मुलाशी खरं बोलायला मोठ्या माणसांना एवढं जड का जातं कोण जाणे. "काही नाही होणार" म्हणत फसवणारेच आजवर भेटले होते. टेस्टच्या वेळी हात टेबलावर ठेवून, ओठ आवळून बसला होता पठ्ठ्या, पुस्तक उलटं धरून.

मोठी यंत्रं, काचेची दारं यांचं कौतुक पुष्कळ होतं. समोरचा माणूस लांबून येतोय, घाबरलाय, एवढं ओळखायला यंत्र लागत नाही. ते तुम्ही ओळखलंत, आणि त्याचं बिलही लावलं नाहीत.

निघताना मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते हसून म्हणाले, "तिच्यामुळे माझं निम्मं काम आधीच झालेलं असतं." तुमच्यासमोर ते असं बोलतात की नाही माहीत नाही, म्हणून मुद्दाम कळवते आहे.

आपली,
सांगलीच्या त्या पोराची आई